आणणाऱ्याचं पहिलं पान

खांब गावाला, हायवेच्या कडेला ठमाबाईची खाणावळ होती, तिच्यावर कधी पाटी लागली नाही. पाटी लागते ती नवख्यांना. एसटीच्या आणि ट्रकच्या ड्रायव्हरांना वासावरून कळायचं. सहा बाकडी, वर कौलं, पुढे हात धुवायची सिमेंटची टाकी, मागे आंबा आणि आंब्याखाली एक सपाट दगड. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि नदीच्या मासळीचं कालवण, एवढाच कारभार. पानात टाकलेलं ठमाबाईला खपत नसे. एका पँटवाल्या साहेबाने अर्धी भाकरी टाकली, तर तिने ती कागदात बांधून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "घरी जाऊन बायकोला इचार, पीठ मळायला किती येळ लागतो." पुढच्या खेपेला साहेब बायकोलाच घेऊन आला. असली ती खाणावळ, आणि लोकांना ती तशीच आवडायची.

बायजा या घरात सून म्हणून आली एकसष्ट साली. नवरा गोविंदा गल्ल्यावर बसायचा आणि सासूच्या शब्दाबाहेर जायचा नाही. माहेरी बायजाने चार माणसांपुरतं रांधलं होतं, इथे चाळिसांचं पातेलं होतं. पहिल्या आठवड्यात हात भाजले, दुसऱ्या आठवड्यात भाकरी जमली, आणि तिसऱ्या आठवड्यात ठमाबाईने तिला खाणावळीचा नेम सांगितला.

"मासळी जो आणल त्याला पयलं पान. गिऱ्हाइकाच्या आधी, घरच्यांच्या आधी. मागल्या दारी बसवायचा, पोटभर वाढायचा. आनी जेवल्यावर लगेच उठू द्यायचा नाय. पान-तंबाखू द्यायची, घटकाभर बसवून घ्यायचा."

बायजाला हे फार आवडलं. तिच्या माहेरी कातकऱ्याला ओट्याखालीच थांबवायचे आणि भाकरी वरून टाकायचे. इथे त्याच कातकऱ्याला केळीचं पान मांडून, गिऱ्हाइकाच्या आधी वाढत होते. सासू तोंडाची फटकळ, पण मनाची मोठी, असं तिने त्या दिवशी ठरवून टाकलं. माणसाबद्दल एकदा चांगलं मत झालं की ते तपासायचे कष्ट आपण घेत नाही. बायजानेही अठरा वर्षं घेतले नाहीत.

मासळी आणायचा तो भिकू. नदीच्या वळणावर त्याची वाडी होती, सात-आठ झोपड्यांची. किडकिडीत अंग, तोंडभर हसू, आणि नदीचं असं ज्ञान की कुठल्या डोहात कुठल्या दगडाखाली वाम बसलीय ते तो घरात बसून सांगायचा. सकाळी अकराच्या सुमारास मागल्या दारी टोपली टेकवायचा. बायजा मासळी साफ करायची, कालवण रटरटलं की पहिलं पान त्याच्यापुढे मांडायची. माशाची गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, आणि काळीज त्याला फार प्रिय, ते ती निवडून त्याच्या पानात घालायची. मग चुलीपाशी बसूनच विचारायची, "कसं झालंय रे?"

"ग्वाड हाय, बाय," भिकू म्हणायचा. रोज तेच. एकदा मीठ घालायचंच राहिलं होतं, तरी म्हणाला, "ग्वाड हाय." बायजा त्यावरून त्याला वर्षभर चिडवत होती.

जेवण झालं की तो आंब्याखालच्या दगडावर बसायचा. ठमाबाई स्वतः उठून त्याला पान-तंबाखू द्यायची. तो बसलेला असेपर्यंत ती पुढच्या बाकड्यांवर कुणाला वाढू द्यायची नाही. गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी "कालवण मुरतंय" एवढंच उत्तर. घटकाभराने भिकू उठून चालायला लागला, की म्हणायची, "वाढा आता." कालवण मुरल्याशिवाय चव येत नाही, हे ड्रायव्हर लोकही एकमेकांना सांगू लागले होते.

मग नदीच्या वरच्या अंगाला कंपनी आली. तिचं नाव कुणाला नीट म्हणता यायचं नाही, म्हणून सगळे नुसतं कंपनीच म्हणायचे. कामाला माणसं लागली, शिफ्टचा भोंगा वाजू लागला, खाणावळीत दोन बाकडी वाढली. गोविंदा खूश होता. ठमाबाई मात्र सकाळी नदीकडचा वारा सुटला की नाकाला पदर लावायची आणि "कायतरी कुजलंय" म्हणायची. कुणी लक्ष देत नव्हतं. म्हातारीला वर्षभर कुठला ना कुठला वास येतच असे.

त्या पावसाळ्याआधी काही गोष्टी घडल्या, त्या नंतर बायजाने एकेक करून आठवल्या. धोब्याच्या दगडाशी पाण्यावर फेस साचून राहायचा. म्हशी पाण्यात उतरायच्या आणि न बसताच माघारी फिरायच्या. डोहावर नेहमी एका पायावर उभा असणारा बगळा आठ दिवस कुठे दिसला नाही. प्रत्येक गोष्टीला कारण मिळत गेलं. फेस साबणाचा, म्हशी माजलेल्या, बगळ्याचं काय, तो पक्षीच आहे. कारणं शोधायला आपण फार हुशार असतो.

एकोणऐंशी सालचा मे महिना. पेणच्या रामवाडीचं एक वऱ्हाड कोलाडपलीकडे लग्नाला गेलं होतं. ते परतताना दुपारी जेवायला थांबणार होतं, चाळीस पानं. कालवण-भात पाहिजे म्हणून कारभाऱ्याने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. बायजा पहाटेपासून चुलीशी होती. भर उन्हाळा, नदी आटून डोह-डोह झालेले, मासळी कमी. चाळीस पानांना पुरेल एवढी भिकूला मिळते की नाही, या काळजीत तिने दोनदा मागल्या दारी डोकावून पाहिलं.

भिकू आला तो दहालाच, आणि टोपली एक नाही, दोन. शिंगटी, मरळ, हाताएवढी वाम. सगळी गाबोळीने भरलेली.

"अरे बाबा! एवढी कुठून आणलीस?"

"नदीनंच दिली, बाय. जाळं टाकायची पाळीच आली नाय. झिंगून वर आलेली, हातानं उचलली." तो हसत होता. "वरच्या वाडीवाल्यांनी गेळ घातला असल. मेहनत त्यांची, नशीब माजा."

इथे कातकऱ्यांची एक रीत सांगायला हवी. उन्हाळ्यात डोहात पाणी कमी झालं की ते गेळाची कच्ची फळं ठेचून पाण्यात कालवतात. मासे झिंगतात, पोट वर करून तरंगू लागतात, आणि पोरंबाळंसुद्धा हाताने गोळा करतात. झिंगलेला मासा खायला चांगला असतो. आजे-पणजे तोच खात आले. वरच्या डोहात कुणी गेळ घातला आणि मासे वाहत खाली आले, तर ज्याला सापडले त्याचे. त्यावरून भांडायचं नाही, हाही नेम. भिकूने आयुष्यात झिंगलेला मासा पाहिला होता तो गेळाचाच. दुसऱ्या कशाने मासा झिंगतो हे त्याला कोण शिकवणार?

बायजाने मरळीचा कल्ला उघडून बघितला. लाल नव्हता, काळपट होता. पण गेळाच्या माशाचा कल्ला लाल राहत नाहीच. साफ करताना आतडी खाणावळीच्या मांजरीपुढे टाकली. मांजरीने हुंगली, दोन पावलं मागे सरली आणि भिंतीवर जाऊन बसली. गेळ कडू असतो, मांजर त्याची आतडी खात नाहीच. सगळं बरोबर जुळत होतं. यांना ठाऊक होतं तेवढं सगळं त्या दिवशी त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभं होतं, आणि ते कुणालाच कळत नव्हतं.

"घरी ठेवलीस का काय?" तिने विचारलं.

"तुजं वऱ्हाड हाय ना आज. सगली आणली. आवडीला सांगितलं, आपलं सांजच्याला बघू." आवडी ही त्याची बायको. वाडीतली बाकीची माणसं वीटभट्टीवर गेली होती, अजून परतली नव्हती. ही दोघंच आणि त्यांची दोन पोरं मागे होती.

साडेअकराला बायजाने पहिलं पान मांडलं. वऱ्हाडाच्या आनंदात तिने गाबोळीचा मोठा तुकडा आणि दोन काळजं जास्त घातली. भिकू पोटभर जेवला.

"कसं झालंय रे?"

"ग्वाड हाय, बाय." मग जरा थांबून म्हणाला, "जिभेला जरा मुंग्या आल्यासारखं वाटतंय. तिखाट लय घातलंस."

बायजा हसली. तिखट रोजच्याएवढंच होतं.

तो आंब्याखाली बसला. ठमाबाईने पान-तंबाखू दिली. बायजा भाताकडे वळली. भात उतरवून ती बाहेर आली तेव्हा पान त्याच्या हातातच होतं आणि हात थरथरत होता. अंगावरून घामाच्या धारा. तोंडातून लाळ गळत होती आणि ती पुसायचं त्याला भान नव्हतं. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. बायजाने हाक मारली. त्याने बोलायला तोंड उघडलं, शब्द फुटला नाही.

त्याच वेळी पुढे वऱ्हाडाच्या गाडीचा हॉर्न वाजला.

ठमाबाई आधीच चुलीशी पोचली होती. सत्तरीची म्हातारी, पण तिने पातेल्याला फडकी लावली आणि गोविंदाला ओरडली, "खड्डा उघड. चुना घाल. कुणाच्या तोंडी शितोडा जाता कामा नये." मायलेकांनी चाळीस पानांचं कालवण शोषखड्ड्यात ओतलं. बायजा भिकूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"गाडी बघा," ती म्हणाली. "रोह्याला नेऊया."

गाडी बघायची गरजच नव्हती, गाडी दारात होती. दाजी नावाचा ट्रकवाला, आठवड्यातून दोनदा जेवणारा, पुढच्या बाकड्यावर चहा पीत बसला होता. हाक मारली असती तर कप टाकून उठला असता. बायजाला हे माहीत होतं. गोविंदाला माहीत होतं. ठमाबाईलाही.

गोविंदा तिच्याजवळ वाकला. "पुढं चाळीस माणसं बसलीत," तो हळू म्हणाला. "त्यांच्यासमोरून याला असा नेला, तर उद्या या खाणावळीत कुत्रं फिरकायचं नाय. अर्धा तास. वऱ्हाड जेवून जाऊ दे. मग मी सवता नेतो."

बायजाने सासूकडे पाहिलं. ठमाबाई चुन्याने माखलेले हात धूत होती. "झिंगलाय, उतरंल," ती म्हणाली. "तू वाढायला चल."

आणि बायजा उठली. हे लिहिताना जड जातं, पण उठली हे खरं आहे. भिकूचं डोकं मांडीवरून काढून तिने दगडावर ठेवलं, खाली जुन्या लुगड्याचं धडपं घातलं, आणि वाढायला गेली. बिरडं होतं त्यात पाणी आणि मसाला वाढवला. कारभाऱ्याने विचारलं, मासळीचा वास तर येतोय, मग कालवण कुठाय? गोविंदा म्हणाला, "काय सांगू, मांजरीनं तोंड घातलं." सगळे हसले. भिंतीवर बसलेल्या मांजरीला कुणीतरी चप्पल मारली.

बिरड्याची फार तारीफ झाली. नवरदेवाच्या मामाने तीनदा घेतलं. बायजा वाढता वाढता दोनदा मागे जाऊन आली. पहिल्यांदा भिकूने तिचा पदर धरला होता, तो तिला सोडवून घ्यावा लागला. दुसऱ्यांदा त्याने धरला नाही.

वऱ्हाडाची गाडी गेली आणि मग दाजीला हाक मारली. दाजीने भिकूला पाहिलं, उचललं आणि ट्रकमध्ये आडवं केलं. बायजा सोबत गेली. कोलाड मागे पडलं आणि भिकूच्या छातीचा भाता थांबला. रोह्याच्या दवाखान्यात फक्त कागद करायचे राहिले होते. डॉक्टर म्हणाले, पोटात विष गेलंय, कशातून ते तपासावं लागेल. मग त्यांनी विचारलं, कधीपासून असं होतंय? बायजाने भिकूच्या अंगावरचं कापड सारखं केलं. परतताना दाजी तेवढंच बोलला, "मी चहाच पीत होतो ना, वयनी. जेवत असतो तरी उठलो असतो." त्यानंतर त्याचा ट्रक खांबला कधी थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी नदी मेलेल्या माशांनी पांढरी झाली. त्यांना कावळासुद्धा शिवला नाही. गेळाने झिंगलेले मासे दुपारपर्यंत पुन्हा पोहू लागतात, हे तेव्हा सगळ्यांना आठवलं.

चौकशीला एक हवालदार आला. पुढच्या बाकड्यावर बसून त्याने चहा घेतला. "कातकरी होता ना? तोंडाला फेस, हात कापत होते. म्हंजे दारूच. हातभट्टीची असणार." मग बायजाकडे वळला. "तुमच्याकडं जेवला होता का?"

गोविंदा तिच्याकडे पाहत होता. दाराआड ठमाबाई उभी होती. आंब्याखालच्या दगडावर आवडी दोन्ही पोरं घेऊन बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"मागल्या दारी बसला होता," बायजा म्हणाली. "मी पुढं वाढत होते."

यात खोटं काहीच नव्हतं. हवालदाराने दारू लिहिली आणि तो गेला. आवडीही पोरं घेऊन उठून गेली.

संध्याकाळी दिवा लावताना ठमाबाई म्हणाली, "रडू नको गो. चाळीस माणसं वाचली. पयलं पान कशाला वाढायचं असतं, कळलं ना आता?"

बायजाला आधी समजलं नाही.

"खाणावळ काढली त्या साली एकानं शिळी मासळी आणली," सासू वात सारखी करत सांगत होती. "दोन डायवर मरता मरता वाचले. तवापासून हा नेम केला. इषाची परीक्षा आपल्या जिभेवर कोण घेतो? घटकाभर बसवायचा. उठून चालला, की समजायचं, मासळी बरी हाय."

बायजाला आता समजलं. अठरा वर्षं तिने भिकूला निवडून गाबोळी घातली होती, ती मायेने. अठरा वर्षं तिने "कसं झालंय रे" विचारलं होतं, ते कौतुकाने. त्या मायेचा आणि कौतुकाचा उपयोग सासूने करून घेतला होता, आणि बायजाने भरल्या मनाने करू दिला होता. तिला सासूचा राग आला, पण तो पुरला नाही. नेम सासूचा होता. तो अर्धा तास मात्र तिचा स्वतःचा होता.

पावसाळा गेला. नदी भरून वाहिली, लोक म्हणाले, पाणी धुऊन निघालं. खाणावळ चालूच राहिली. तिचं नाव शाबूत होतं. मासळी आता पेणच्या बाजारातून यायची आणि आल्या आल्या पुढे वाढली जायची. आंब्याखालचा दगड रिकामा असायचा. ठमाबाईला पडसं झालं आणि त्यातच ती अंथरुणाला खिळली. रोज सकाळी अकराला बायजाचे डोळे मागल्या दाराकडे जायचे. कुणीतरी येणार आहे असं तिला वाटायचं, आणि येऊ नये असंही वाटायचं.

दिवाळीनंतर एका सकाळी मागल्या दारी टोपली टेकल्याचा आवाज झाला. आवडी होती. टोपलीत शिंगटी होती, चार-पाच.

"भिकू गेल्यावर पयल्यांदाच आणली," ती म्हणाली. "रांध, बाय."

कुठल्या पाण्यातली, जाळ्यातली की हाताने उचललेली, हे बायजाने विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही. आत गोविंदा कुजबुजला, "घेऊ नको. हाकलून दे तिला." बायजाने टोपली उचलली. मासे साफ केले. कल्ले उघडून पाहिले नाहीत. आतडी मांजरीपुढे न टाकता पुरली. कालवण रटरटलं. केळीचं पान धुऊन तिने मागल्या दारी मांडलं, भात वाढला, कालवण वाढलं, गाबोळीचा तुकडा निवडून घातला.

आवडी पानावर बसली नाही. ती उंबऱ्याशी उभी राहिली आणि पानाकडे बघत राहिली.

मग बायजा स्वतः पानावर बसली. आतून गोविंदाने "बायजे!" अशी हाक मारली. तिने घास केला आणि तोंडात घातला.

"कसं झालंय, बाय?" आवडीने विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. भिकू रोज घरी येऊन सांगायचा तो बायजाचा प्रश्न तिने जसाच्या तसा विचारला होता. बायजाने घास गिळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि जिभेला काय लागतंय ते तिला कळत नव्हतं.

"ग्वाड हाय," ती म्हणाली.

तिने पान संपवलं, गाबोळीसकट. उठायला म्हणून हात टेकला, तेव्हा आवडी पुढे आली. कनवटीची तंबाखू काढून तिने बायजाच्या हातावर ठेवली आणि आंब्याखालचा दगड पदराने झटकला.

"जेवून लगेच उठायचा नाय," ती म्हणाली. "ये. इथं बस घटकाभर. मी बसते तुज्यापाशी."